दोन पायांची गाजरं

भाजीपाल्याच्या वाफ्याला माती लागते, पाणी लागतं आणि कुंपण लागतं. माझ्या सासरच्या गावात माती नव्हती, मुरूम होता. पाणी दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं. कुंपणाला बाभळीचे काटे मात्र हवे तेवढे. तिन्हींतलं एकच हाताशी असताना मी वाफा करायला घेतला, कारण माझ्या मुलीचे डोळे जायला लागले होते.

लढाईचा काळ होता. गाव म्हसवडच्या पलीकडं, बाजाराला पायी गेलं तर दिवस मोडणारं. माझं माहेर उंब्रजचं. तिकडं खरकटं पाणी फेकलं त्या जागी टोमॅटो उगवायचा आणि त्याच्याकडं कुणी वळून बघायचं नाही. इकडं आल्यावर पहिल्या वर्षी मी दारात दोडक्याच्या बिया लावल्या, तर शेजारच्या बायका बघायला आल्या आणि हसून गेल्या. दोडका उगवलाच नाही. त्यानंतर मी तो नाद सोडला होता.

नवरा पलटणीत होता आणि समुद्रापलीकडं लढाईवर गेला होता. घरात मी, सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. आमच्याकडं तीच पद्धत. आत्याबाई माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, आणि त्या खोटं बोलत नसत. गावात कुणाचा वाद झाला तर लोक त्यांना विचारायला येत, एवढी त्यांच्या शब्दाची पत होती.

मुलीचं असं झालं, की दिवस बुडाला की ती असेल तिथं बसून राही. हाक मारली तरी उठेना. आत्याबाई म्हणाल्या, पोर आळसावली. एकदा मी तिला तिन्हीसांजेला चुलीसाठी शेणी आणायला सांगितल्या. ती उठली आणि सरळ जात्यावर जाऊन आपटली. जातं तिच्या जन्मापासून त्याच जागी होतं. धाकटा टाळ्या पिटून ओरडला, "आक्का आंधळी कोशिंबीर खेळती!" ती म्हणाली, "खेळत न्हाई. अंधार लय पडलाय." बाहेर चांगला उजेड होता. गुराख्यांची पोरं अजून ओढ्यात गोट्या खेळत होती.

म्हसवडच्या डॉक्टरांनी तिची पापणी वर करून मला दाखवलं. बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर साबणाचा फेस वाळल्यासारखा ठिपका होता. दोन्ही डोळ्यांत. ते म्हणाले, "हिच्या पोटात हिरवं जात नाही. पालेभाजी, गाजर, तांबडा भोपळा, दूध, लोणी द्या. नाही दिलंत तर आधी रात्र जाईल, मग दिवसही जाईल. माशाचं तेल दिलं तर लवकर गुण येतो, पण लढाईमुळं ते मिळेनासं झालंय."

मिळालं असतं तरी आत्याबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. शेळी आटली होती. म्हसवडच्या बाजारात मिरची, कांदा आणि कडधान्य. पालेभाजी आलीच तर उन्हानं माना टाकलेली, आणि आम्ही पोचेपर्यंत तीही संपलेली. मग राहिला तो वाफा.

गौरी-गणपती उरकल्यावर मी दोन्ही पोरांना घेऊन मोरीच्या मागची जागा उकरायला काढली. पहारीनं मुरूम निघे, खोऱ्यानं नाही. मी पहार मारायची, मुलगी खडे वेचायची आणि धाकटा ते खडे पुन्हा आत टाकायचा. ओढ्याच्या कडेची गाळाची माती आम्ही पाट्यांनी आणली. धनगरांच्या वाड्यावरून लेंड्या आणल्या. त्या ताज्या घातल्या तर रोप करपतं म्हणून उकिरड्यात कुजवल्या आणि मगच घातल्या. माहेराहून आईनं फडक्याच्या गाठीत बी पाठवलं: माठ, चुका, भोपळा, गाजर. मेथी घरच्याच डब्यातली. धने मुलीनं चपलेखाली रगडून दोन फाकी केले. ते काम तिला इतकं आवडलं की दिसेल ते बी ती रगडायला बघायची, मग मला चपला लपवाव्या लागल्या.

पाण्याची मी एक सोय केली. वाफ्यात एक सपाट दगड टाकला आणि पोरांना त्याच्यावर उभं करून अंघोळ घालायला लागले. आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. साबण घरात नव्हताच, ते बरंच झालं. डाळीचं धुवण, हात धुतलेलं पाणी, सगळं तिथंच. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, पोरांस्नी उघड्यावर नागडं हुबं करतीस, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "लोकांनी पानी आनून द्यावं, म्हंजी आत घालीन."

मेथी आठवड्यात वर आली. मी कुणाला कौतुक सांगायला गेले नाही, पण दिवसातून चार वेळा मोरीमागं जाऊन येत होते हे खरं. पोरं तर तिथंच मुक्कामाला. संध्याकाळी दिसेनासं झालं तरी मुलगी तांब्या घेऊन वाफ्याच्या काठानं बोटं चालवत जाई आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी पाणी घाली. बोटांनी चाचपून सांगे, "आये, हितं मेथी, हितं माठ. हितं गवत हाय, काडू?"

मेथी वीतभर झाल्यावर मी विळा घेतला. आत्याबाईंनी हात धरला. "पयला तोडा देवाचा." हे मला ठाऊक होतं, माहेरीही पहिली भाजी देवापुढं ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. जुडी देवापुढं ठेवली. आणि तिथंच घात झाला.

आत्याबाईंनी लेक बोटीवर चढल्यापासून गूळ सोडला होता. गोडाचा त्यांना भारी सोस, पण सणाची पुरणपोळीसुद्धा त्यांनी तोंडाला लावली नाही. माणूस लांब गेलं की घरातल्या बाईनं काहीतरी सोडायचं आणि ते माणूस परत आलं की त्याच्या हातून खायचं, असा तिकडचा नेम. गावात पलटणीतल्या माणसांची घरं पुष्कळ, त्यामुळं कुणी भात सोडलेला, कुणी चहा सोडलेला. मी काही सोडलं नव्हतं. त्या घरात सोडण्याइतकं होतंच काय!

देवापुढं मेथी ठेवल्यावर मुलीनं आजीला विचारलं, "आज्जे, तू गूळ का सोडलास?"

"मला लय आवडतो म्हनून. न आवडनारं सोडून काय उपेग?"

मुलीनं तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि ताम्हणात सोडलं. "ह्या वाफ्यातलं मी खानार न्हाई. बाबा आल्यावर खाईन."

धाकट्यानंही लगेच हात पुढं केला. "मी कारलं सोडलं."

आत्याबाई हसल्या. "आपुन कारलं लावलंय कुठं, मुडद्या? बाबाला फुकटात आनतोस व्हय रं?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, तिला सांगा हे चालत न्हाई. वाफा तिच्यासाठीच केलाय."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या मुलीला म्हणाल्या, "ल्हान पोरांचा नेम देव धरत न्हाई, बाळा."

"तू धरतीस त्यो धरतो आन माझा धरत न्हाई?"

 एकदा पाणी सोडल्यावर ते मागं घेता येतं असं आत्याबाईंनी जन्मात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता नातीसाठी नवं काही सांगायचं त्यांना जमेना.

मी सगळं करून पाहिलं. आधी समजावलं. "बाबा आलं आन तुला दिसंना झालं, तर त्यास्नी काय वाटंल?" ती म्हणाली, "बाबा आलं की मी खानार. खाल्लं की दिसनार. डाक्टरच म्हनला न्हवं का?" तिच्या परीनं सगळं बरोबर जुळत होतं, चुकत होतं ते एवढंच की बाबा कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग मी दोन रट्टे दिले. मग एक दिवस मांडीत दाबून धरून माठाची भाजी तोंडात कोंबली. तिनं ती सगळी माझ्या लुगड्यावर काढली आणि त्या दिवशी भाकरीही खाल्ली नाही. वाफ्याची भाजी धाकटा खायचा, मी खायची, उरलेली शेजारी द्यायची. शेजारणींची पोरं खायची. ज्या बायका दोडक्याला हसून गेल्या होत्या त्या आता वाटी घेऊन यायच्या. एवढं करून माझी मुलगीच वाफ्याला पाणी घालायची, निंदायची, अळ्या वेचायची. तिला त्याचा राग नव्हता. ती तो बाबांसाठी राखत होती.

गाजरं दसऱ्याला पेरली होती. दिवाळीनंतर विहीर खाली गेली तशी मेथी आणि माठ वाळून गेले, भोपळ्याचा वेल फळ न धरताच मेला, पण गाजरं तगली. एकदा धाकट्यानं चोरून एक उपटलं. खाली मुरूम लागल्यामुळं त्याला दोन फाटे फुटले होते, माणसाच्या पायांसारखे. दुसरं उपटलं, तेही तसंच. पोरांनी त्यांचं नाव दोन पायांची गाजरं ठेवलं. धाकटा ती कट्ट्यावरून चालवायचा. एक गाजर बाबा, एक गाजर पलटणीचा साहेब. बाबा साहेबाला लाथ मारायचे. मुलगी हसत हसत त्या गाजरांचे पाय चाचपून बघायची आणि परत त्याच्या हातात द्यायची.

बाजारातलं मिळालं तर खाईन, एवढं तिनं कबूल केलं होतं. त्यामुळं आमची सगळी आशा संक्रांतीवर होती. भोगीच्या दिवशी घरोघर पावटा, वांगी, हरभरा, गाजर घालून तिळाची मिसळभाजी करतात आणि ती घरातल्या प्रत्येकानं खायचीच असते. त्या सुमाराला नदीकाठची गाजरं म्हसवडच्या बाजारात येत. आत्याबाई म्हणाल्या, मीच जाते. त्या वयात त्या पायी गेल्या आणि दिवस बुडता परत आल्या. पिशवीत पावटा होता, वांगी होती.

"गाजरं?" मी विचारलं.

"आली न्हाईत यंदा." आणि मग हळूच, "तू गप ऱ्हा. मी बगते."

दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले होते तेवढ्यात त्यांनी वाफ्यातली गाजरं उपटली, बारीक चिरली आणि भाजीत घातली. मी परत आले तेव्हा मोरीमागं मातीत ताजे खड्डे दिसले. मी ते पायानं बुजवले. बोलायचं कशाला? पोटात जाणं महत्त्वाचं.

ताट वाढल्यावर मुलीनं विचारलं, "आज्जे, गाजर कुठलं?"

"म्हसवडच्या बाजारातलं." आत्याबाईंनी माझ्याकडं न बघता सांगितलं. गावातल्या कुणी ते ऐकलं असतं तर तिथंच विषय संपला असता. मुलीचाही संपला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजी खायला लागली. भराभर खात होती. उपाशी माणूस खातं तसं. आत्याबाई समोर बसून बघत होत्या आणि त्यांच्या कपाळाला घाम आला होता. माझ्या मनात आलं, आता रोज हेच करायचं. वाफ्यात अजून महिनाभर पुरतील इतकी गाजरं होती.

ताट निम्मं झालं आणि मुलगी थांबली. तोंडातून एक फोड काढून तिनं बोटांत धरली, फिरवली. चिरताना शेंड्याचा एक तुकडा तसाच राहिला होता, फाटा फुटतो तिथला.

"ह्याला पाय हाईत."

"असतील बाजारच्यालाबी," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाईत. बाजारचं सरळ असतं." ती रडली नाही. तिनं फोड ताटाच्या कडेला ठेवली आणि विचारलं, "आता बाबाला काय हुईल?"

"काय हुत न्हाई. खोटं मी बोलले. पाप मला."

"पर खाल्लं मी."

संक्रांत होऊन थोडे दिवस गेले आणि तार आली. गावच्या मास्तरांनी वाचून सांगितली. नवरा बेपत्ता होता. मास्तर म्हणाले, "बेपत्ता म्हणजे सापडत नाहीत एवढंच. वाईटच असं नाही." बोलताना ते टोपी काढून उभे होते, त्यामुळं त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं. मी आत जाऊन चूल विझवली, कारण वर भाकरी करपत होती.

मुलगी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत्याबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, की तार लांबनं येती बाळा, हे भोगीच्या आधीचं हाय. ते खरंही असेल. पण ज्यांच्या शब्दावर गाव चालायचं त्यांच्या शब्दावर त्यांची नात आता विश्वास ठेवत नव्हती. त्यानंतर आपल्या डोळ्यांदेखत विकत घेतलेली नसेल ती भाजी तिनं खाल्ली नाही. विकत घ्यायला तर काही नव्हतंच. ती भाकरी, कांदा आणि चटणी खायची. नेमाचं म्हणाल तर, बाबा परत आल्यावर सुटायचा होता. मेल्याची बातमी आली असती तर कदाचित तो संपला असता. बेपत्ता माणसाचा नेम कसा संपवायचा हे आत्याबाईंनाही ठाऊक नव्हतं.

उरलेली गाजरं फाल्गुनात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा वाळली. कुंपणाचे काटे मी सरपणाला काढले आणि मग शेळ्यांनी राहिलेला पाला साफ केला. चैत्रात मुलीचा उजवा डोळा लाल झाला आणि चार दिवसांत पांढरा पडला. दुधाचा थेंब सांडावा तसा.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं आम्ही सांगली गाठली. चढ आला की उतारू उतरून ढकलत. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, उजवा गेला. डाव्याचा भरवसा देत नाही. त्यांच्याकडं माशाच्या तेलाची एक बाटली होती. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी गळ्यातली माळ काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि बाटली स्वतःच्या हातात घेतली. मुलीला म्हणाल्या, "हे माशाचं हाय. खोटं सांगत न्हाई. वाफ्यातलं न्हवं." मुलीनं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि प्यायली.

डावा डोळा अर्धामुर्धा राहिला. आत्याबाईंनी माळ पुन्हा घातली नाही. घरी आल्यावर ती देवाजवळच्या खुंटीला टांगली आणि त्या वारल्या तेव्हा मी तीच त्यांच्या गळ्यात घातली. गूळ त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही.

लढाई संपली. पलटणीतले जे यायचे ते आले. सरकारनं पुढं नवरा मेल्याचं कळवलं, म्हणजे सापडला नाही तेव्हा मेलाच असणार, असं. मी कुंकू पुसलं, कारण लोकांनी रोज तोंडाकडं बघण्यापेक्षा ते बरं. मुलीनं मात्र ते मानलं नाही. मी वाट बघत बसले नाही. धाकट्याच्या शिक्षणासाठी गाव सोडलं आणि सांगलीला आले.

आता आम्ही विश्रामबागेत राहतो. मागं थोडी जागा आहे, काळी माती, नळाचं पाणी. वाफे मुलगी करते. तिला डाव्या डोळ्यानं दिवसा बरं दिसतं, संध्याकाळी बोटांनी. बाजारात ती स्वतः जाते, स्वतः निवडून आणते आणि ते खाते. घरच्या वाफ्यातलं शेजारी वाटते. पहिला तोडा देवापुढं ठेवते, तिच्या आजीसारखाच. मी किती सांगितलं, की आता पुरे. ती म्हणते, "पुरे कोणी म्हणायचं?"

यंदाची गाजरं चांगली पोसली आहेत. या मातीत एकाही गाजराला दुसरा पाय फुटत नाही. घरचं कुठलं आणि बाजारचं कुठलं, चाचपून कळायचं नाही. भोगीला मी घरची काढली, चिरली आणि तिच्या ताटात वाढली. म्हटलं, बाजारातली आहेत, सकाळी दारावर आली होती.

तिनं ताट पुढं ओढलं नाही. भाजीकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं बघितलं.

"आई, आज्जीला खोटं बोलताना घाम आला होता," ती म्हणाली. "तुला तोही येत नाही."

मग तिनं चटणीबरोबर भाकरी खाल्ली. तिची भाजी मी माझ्या ताटात घेतली आणि संपवली. गाजरं गोड होती.